विद्यापीठांतील कॅथलिक विद्यार्थिमंडळ कशासाठीं ?

आपलीं मुलें शाळेचा उंबरठा ओलांडून विद्यापीठांत जातात, तेव्हां आईबापांच्या मनांत दोन चिंता असतात; एक खर्चाची व दुसरी श्रद्धेची. पहिली ते बोलून दाखवितात, दुसरी बहुधा मनांतच ठेवितात. घरीं रात्रीं सर्वांबरोबर प्रार्थना होत असे, रविवारची मिस्सा चुकत नसे. आतां हजारों अपरिचितांमध्यें, कोणी विचारणारें नसतां, हें सारें टिकेल काय? ह्या चिंतेंतूनच देशोदेशींच्या विद्यापीठांत कॅथलिक विद्यार्थ्यांचीं मंडळें निघालीं. तीं असावींत ह्याबद्दल वाद नाहीं. परंतु तीं कशासाठीं असावींत, ह्याचा थोडा विचार करणें अवश्य आहे.

अशा मंडळाचें पहिलें काम आश्रय देणें हें होय, व त्याला कमी लेखण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत १८९३ सालीं कॅथलिक विद्यार्थ्यांनीं ‘न्यूमन क्लब’ स्थापन केला, व पुढें त्याच नांवाचीं मंडळें अन्य विद्यापीठांतहि निघालीं. जॉन हेन्री न्यूमन हे ऑक्सफर्डचे मोठे पंडित. १८४५ सालीं त्यांनीं कॅथलिक धर्मसभेंत प्रवेश केला. विद्या आणि श्रद्धा ह्यांचें वैर नाहीं, हें त्यांनीं जन्मभर प्रतिपादिलें. २०१९ सालीं त्यांना संतपद मिळालें, आणि २०२५ सालीं धर्मसभेच्या आचार्यांत त्यांची गणना झाली. घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या रीतिभातीचीं चार माणसें भेटावींत, एकत्र उपासना व्हावी, शंका विचारण्यास एखादे धर्मगुरु असावेत, तापानें अंथरूण धरलें तर उशाशीं कोणी येऊन बसावें, ही गरज अगदीं खरी आहे.

तथापि आश्रय म्हणजे सर्वस्व नव्हे. जें मंडळ केवळ ‘आपण बरें नि आपलें बरें’ एवढ्यावर संतुष्ट राहतें, तें वर्षाकाठीं एक सहल व एक नाताळचा समारंभ करून हळूहळू निर्जीव होतें. ह्या बाबतींत पॅरिसमधील एका विद्यार्थ्याचें चरित्र मनन करण्यासारखें आहे.

फ्रेदेरिक ओझानाम १८३१ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, लियों शहराहून कायद्याच्या अभ्यासासाठीं पॅरिसला आला. विजेच्या प्रवाहाच्या मापाला ज्यांचें नांव दिलेलें आहे, त्या आंपेर ह्या शास्त्रज्ञांच्या घरीं तो कांहीं काळ राहिला. त्या वेळीं विद्यापीठांत धर्माची थट्टा करण्याची हवा होती. कोणा प्राध्यापकानें व्याख्यानांत ख्रिस्ती श्रद्धेवर आघात केला, तर ओझानाम व त्याचे सोबती त्याला लेखी उत्तर पाठवीत. त्यांची एक वादसभाहि होती, व तींत सर्व मतांचे विद्यार्थी येत. तेथेंच एकदां विरुद्ध पक्षाच्या एका तरुणानें त्यांना सवाल केला कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं मोठीं कार्यें केलीं हें कबूल. पण आज, ह्या शहरांत, तुम्ही स्वतः काय करीत आहां? आदल्याच वर्षीं, १८३२ सालीं, पटकीच्या सांथींत पॅरिसमधील १८ हजारांहून अधिक माणसें दगावलीं होतीं. त्या सवालाला युक्तिवादानें उत्तर देणें शक्य नव्हतें.

२३ एप्रिल १८३३ रोजीं, म्हणजे आपल्या विसाव्या वाढदिवशींच, ओझानाम व त्याचे सोबती मिळून सहा विद्यार्थी एमान्युएल बाय्यी ह्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या अध्यक्षतेखालीं जमले. मुफ्तार रस्त्यावरील दरिद्री वस्तींत सेवा करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यु ह्यांनीं त्यांना गरिबांच्या घरांचा मार्ग दाखविला. आपल्या खोलींत उरलेलें सरपण ओझानामनें व एका मित्रानें प्रथम एका गरिबाघरीं नेऊन पोहोंचविलें, असें सांगतात. मंडळाची पद्धति साधी होती : दरआठवड्यास सभा, आपसांत गुपचूप गोळा केलेली अल्प वर्गणी, आणि मुख्य म्हणजे गरिबाच्या घरीं स्वतः जाणें. १८३५ सालीं, सभासद फार वाढल्यामुळें, मंडळाचे विभाग करावे लागले. तीच आजची सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. ती आतां सुमारें १५० देशांत काम करीत आहे. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं १९९७ सालीं पॅरिस येथें ओझानामला ‘धन्य’ घोषित केलें.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. त्या तरुणांनीं वाद सोडला तो हरल्यामुळें नव्हे. केवळ वादानें श्रद्धा जिवंत राहत नाहीं, हें त्यांना उमगलें म्हणून. दोन मजले चढून गेल्यावर जो दरवाजा उघडतो, त्याच्या आंत पाठ केलेलीं उत्तरें कामास येत नाहींत. तेथें ऐकावें लागतें. देणाराच तेथें शिष्य होतो.

कोणी म्हणेल, अशानें अभ्यास बुडेल. ओझानामचा बुडाला नाहीं. १८३६ सालीं तो कायद्याचा व १८३९ सालीं साहित्याचा डॉक्टर झाला, आणि १८४४ सालीं सॉरबॉनमध्यें पूर्ण प्राध्यापकपदावर त्याची नेमणूक झाली. दुसरें कोणी म्हणेल, आम्हीच आईबापांच्या पैशांवर शिकणारे. आम्ही काय देणार? परंतु वसतिगृहाच्या खानावळींत ताटें घासणाऱ्या मुलाला अपूर्णांक शिकविण्यास पैसा लागत नाहीं. सरकारी इस्पितळांत केसपेपर कोठें काढावा हें न कळून उभ्या राहिलेल्या खेडुताबरोबर तासभर घालविण्यासहि लागत नाहीं. मात्र त्याची जात वा धर्म विचारूं नये, आणि मदतीच्या मोबदल्यांत प्रवचन ऐकवूं नये. सेवा ही आमिष झाली कीं सेवा राहत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, उद्यां तुम्ही मुंबईस, पुण्यास किंवा त्याहून दूर शिकावयास जाल. तेथें आपलें मंडळ असेल तर त्यांत अवश्य जा. नसेल तर दोघेतिघे मिळून सुरू करा. पण त्याला दोन दारें ठेवा : एक आंत येण्याचें व एक बाहेर जाण्याचें. पालकांसहि एक विनंति आहे. मुलाचा फोन आला म्हणजे मिस्सेला गेला होतास काय, असें जरूर विचारावें. परंतु तेथेंच न थांबतां, ह्या आठवड्यांत कोणाच्या घरीं गेला होतास, हेंहि विचारावें. ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्याला देतां येईल, त्याच्या श्रद्धेची काळजी आईबापांना फारशी करावी लागणार नाहीं.