उभा ऊस शिल्लक की बाकी?

जमाखर्चाच्या वहीत ‘शिल्लक’ दिसली की बरे वाटते. खर्च भागून हाती काही उरले. तोच शब्द उभ्या उसाला लागला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. 2021-22 च्या हंगामात महाराष्ट्राने साखर उत्पादनात उत्तर प्रदेशाला मागे टाकले, आणि त्याच वर्षी मे उजाडला तरी मराठवाड्यात फड उभे होते. तुरा आलेल्या उसाचे वजन घटते, पुढचा खोडवाही बिघडतो, शिवाय तोड मिळावी म्हणून टोळीला वरून पैसे मोजावे लागतात. या साऱ्याला सरकारी कागदांत आणि बातम्यांत एकच नाव : शिल्लक ऊस. हे नाव सोडून द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. शिल्लक आपोआप उरते, तिला कोणी जबाबदार नसते. बाकी मात्र कोणाकडून तरी येणे असते. नोंद घेऊन वेळेत न तोडलेला ऊस ही कारखान्याकडची बाकी आहे. हा फरक कायद्यालाही भिडतो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. म्हणजे थकलेल्या एफआरपीला (उसाच्या रास्त व किफायतशीर दराला) व्याज आहे. फडात थकलेल्या उसाला काहीच नाही, कारण मुदत सुरू होते ती ऊस कारखान्यात पोचल्यावर. कारखाना स्वतःच्या उरल्यासुरल्याचा हिशेब मात्र चोख ठेवतो. बगॅसपासून वीज, मळीपासून मद्यार्क आणि इथेनॉल. 2012 साली रंगराजन समितीने ऊसदराचे सूत्र सुचवताना ही उपउत्पादनेही मोजली. तिथे वाया जाणारे काही नाहीच.

यावर कारखानदार म्हणतात की गाळपक्षमता ठरलेली असते, लागवड शेतकऱ्याने वाढवली, तोडणी मजूर अपुरे पडले. यात तथ्य आहे, आणि नोंदीविना लावलेल्या उसाचा भार कारखान्यावर टाकणे न्याय्य नाही. पण नोंदलेल्या उसाची लागणीची तारीख आणि क्षेत्र कारखान्याच्या दप्तरात महिनोन्‌महिने आधीपासून असते. शिवाय दोन कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतराची अट असल्याने शेतकऱ्याला जवळ दुसरे दार क्वचितच असते. जिथे पर्याय आखडला आहे, तिथे जबाबदारी वाढायला हवी. दुसरा आक्षेप असा की शब्द बदलल्याने ऊस तुटत नाही. खरे आहे. पण 2022 मध्ये 1 मेनंतरच्या गाळपासाठी टनामागे 200 रुपये अनुदान सरकारला जाहीर करावे लागले, ते जनतेच्या तिजोरीतून. शिल्लक म्हटले की मदत मागावी लागते. बाकी म्हटले की वसुली करता येते. म्हणून प्रत्येक कारखान्याने नोंद, तोड आणि बाकी यांची गावनिहाय यादी फेब्रुवारीपासून दर आठवड्याला लावावी, आणि पक्वतेची मुदत उलटलेल्या नोंदीच्या उसाला, पैशांच्या थकबाकीला मिळते तशी, भरपाई नियंत्रण आदेशातच लिहिली जावी.