फळमाशी आणि आपली फवारणी

आंबा पाडाला आला म्हणजे फळमाशीचा उपद्रव सुरू होतो, आणि बागाइतदाराचा हात प्रथम फवाऱ्याकडे जातो. शत्रूची राहणी न पाहतां केलेली ही लढाई महागांत पडते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या माशीची मादी फळाच्या सालीखालीं अंडीं घालते. अळी आंत गरावर वाढते. तेथें वरून मारलेलें औषध पोंचणें कठीण. पुढें ती फळांतून बाहेर पडून जमिनींत कोश करते. अर्थात् झाडाखालीं कुजत पडलेलें किडकें फळ म्हणजे पुढील पिढीचा पाळणाच होय.

अशा अभ्यासाचें फळ काय, याचें उदाहरण आपल्याच देशांत आहे. सिट्रोनेला तेलाच्या वासावर या जातीच्या माशांचे नर धांवून येतात, असें बिहारांतील पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनीं १९१२ सालीं नमूद केलें. पुढें १९१५ सालीं त्यांनीं मिथाइल युजेनॉल या द्रव्याचें आकर्षण दाखविलें. याच द्रव्यांत थोडें विष मिसळून प्रशांत महासागरांतील रोटा बेटावरून या माशीचें निर्मूलन केल्याचें १९६५ सालीं प्रसिद्ध झालें. कोंकण कृषि विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळाही याच तत्त्वावर आहे. विष सापळ्यांतच राहतें. फळावर पडत नाहीं.

‘सापळा लाविला, पण गुण आला नाहीं,’ अशी तक्रार कित्येक करितात. तिचें कारण उघड आहे. सापळ्यांत नर मरतात; शेजारच्या बागेंतून फळलेली मादी उडून आली तर एकट्याचा सापळा काय करणार? माशीला बांध ठाऊक नाहीं. म्हणून सापळे साऱ्या गांवानें एकदम लावावे, आणि गळलेलीं फळें रोज वेंचून खोल पुरावीं.

हा प्रश्न एकट्याच्या नफ्यातोट्याचा नव्हे. आलेल्या मालांत फळमाशी आढळल्यावरून युरोपीय संघानें १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात बंद केली. ती बंदी २०१५ सालीं उठली. कांहीं पेट्यांतील किडीचें प्रायश्चित्त साऱ्या देशाच्या बागाइतदारांस घ्यावें लागलें.

तेव्हां आमची सभासद बंधूंस विनंति आहे कीं, प्रत्येकानें आठवड्यास सापळ्यांतील माशा मोजून वहींत लिहाव्या व ते आंकडे संस्थेकडे पाठवावे. माशी केव्हां वाढते व कोणत्या बाजूनें येते, हें त्यांवरून कळेल. संशोधन प्रयोगशाळेंत सुरू होतें, परंतु तें पुरें व्हावयाचें आपल्या बागेंतच.