सुटकेआधीची शिक्षा

शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनाच्या दुसऱ्या दिवशी, १८ नोव्हेंबर २०१२ रोजी, पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मुंबई बंदविषयी चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्यांना पसंती दर्शविली. एवढ्यावरून पहिल्या तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली आणि दोघींना अटक झाली. पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले, प्रकरणही बंद करण्यात आले. या अटकेने अस्वस्थ होऊन दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ हे कलमच २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरले. कायद्याच्या इतिहासात हा मोठा विजय आहे, यात शंका नाही. परंतु ज्यांनी दवाखाना फोडला त्यांना जे सांगायचे होते, ते गावाला त्याच दिवशी कळले होते. त्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याची त्यांना गरज नव्हती.

समाजमाध्यमांवर मोकळेपणाने बोलण्यातला खरा धोका इथे आहे. शेवटी शिक्षा होईल की नाही हा प्रश्न दुय्यम होय. शेवटापर्यंत जाण्यासाठी जो रस्ता तुडवावा लागतो, तीच शिक्षा असते.

कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकाचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी आपल्या व्हॉट्सॲपच्या ‘स्टेटस’वर ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचे लिहिले आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हा मजकूर अनेकांना रुचणार नाही. आम्हालाही पहिले मत मान्य नाही. परंतु न रुचणे हा गुन्हा नव्हे. हातकणंगले पोलिसांनी समाजात वैर पसरविल्याचा गुन्हा नोंदविला, मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला, आणि अखेर ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पोलीस यंत्रणेला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे धडे देण्याची वेळ आली आहे, असेही न्यायालयाने त्या वेळी सुनावले. दोन ओळींसाठी दीड वर्षाहून अधिक काळ आरोपी म्हणून वावरणे म्हणजे काय, हे शिक्षकांच्या खोलीत बसणाऱ्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दिल्लीपर्यंत वकील उभा करण्याची ऐपत किती शिक्षकांत असते, हा आणखी वेगळा प्रश्न.

पूर्वीही माणसे बोलत. पारावर, लोकलच्या डब्यात, कचेरीच्या चहाच्या वेळी सरकारपासून साहेबापर्यंत सर्वांचा उद्धार होई आणि गाडी स्थानकात शिरली की तो विषय तिथेच संपे. ज्याला लिहायचेच असे तो ‘एक त्रस्त नागरिक’ या नावाने संपादकांना पत्र धाडी. संपादक त्यातली आग थोडी कमी करून ते छापीत. (ही काटछाट आम्ही अनेकांच्या रोषास पात्र होऊन केली आहे.) आता बोलणे पारावरचेच राहिले, पण त्याची छायाप्रत निघते. ज्या गोष्टी चार मित्रांत हसून सोडून देण्याच्या, त्या पाचव्या अनोळखी माणसाच्या हाती तक्रारीचा कागद होऊन पडतात.

याचा अर्थ या माध्यमांत सारे निष्पाप असतात असा नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेने भटक्या समाजातील पाच माणसांचे बळी घेतले. अशा अफवा मोबाइलवरूनच गावोगाव फिरत होत्या. तिथे कायद्याने कठोर व्हायलाच हवे. परंतु माणसे मारायला लावणारी अफवा आणि सरकारवरची टीका यांत फरक करण्याइतकाही विवेक ठाणे अंमलदाराजवळ नसेल, तर कायद्याचा हात सापडेल त्याच्यावरच पडणार. अफवेचा उगम शोधणे कष्टाचे असते. स्वतःच्या नावाने व छायाचित्रासह मत मांडणारी विद्यार्थिनी मात्र घरीच सापडते.

पुण्यात मे २०२५ मध्ये हेच झाले. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत अभियांत्रिकीच्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीने दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठविला, दोन तासांत तो काढून टाकला, माफीही मागितली. तरीही अटक झाली आणि महाविद्यालयाने तिला काढून टाकले. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला कठोर शब्दांत खडसावून तिची सुटका केली आणि परीक्षेला बसू देण्याचा आदेश दिला. पोलिसांचे एक वेळ समजू शकते. पण विद्यार्थिनीचे म्हणणेही ऐकून न घेता तिला दाराबाहेर काढणाऱ्या शिक्षणसंस्थेला काय म्हणावे?

सरकारी नोकरांची कथा तर निराळीच. राज्य सरकारने २८ जुलै २०२५ च्या निर्णयाने आपल्या कर्मचाऱ्यांना समाजमाध्यमांवर सरकारी धोरणांवर टीका करण्यास मनाई केली. गोपनीय कागद बाहेर जाऊ नयेत ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु जुन्या वर्तणूक नियमांची कक्षा मोबाइलपर्यंत वाढविताना, कारकुनाने आपल्या गल्लीतल्या खड्ड्याविषयी लिहिले तर ती टीका की तक्रार, हे कोण ठरविणार? बहुधा त्याच्यावर राग असलेला वरिष्ठच.

२८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या अशा प्रकरणांत गुन्हा नोंदविण्याआधी पोलिसांनी प्राथमिक चौकशी करावी. शब्दांचा परिणाम तोलायचा तो खंबीर मनाच्या माणसांच्या मापाने; दुबळ्या, चंचल मनांच्या मापाने नव्हे. हे माप नवे नाही. नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्यापूर्वीच ते घालून दिले होते. मात्र अधिक गंभीर कलम लावले की चौकशीची ही पायरी टाळता येते, आणि तक्रारदारामागे जमाव असला की गंभीर कलम सुचायला वेळ लागत नाही. गृहखात्याला खरोखर काही करायचे असेल तर लिखाणावरून गुन्हा नोंदविताना कोणते कलम का लावले, याची लेखी कारणे वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीनिशी पहिल्याच दिवशी मागावीत, आणि न्यायालयात गुन्हा टिकला नाही तर तो कागद त्या अधिकाऱ्याच्या सेवापुस्तकाला जोडावा.