सबजाची डहाळी आणि मलिद्याचे ताट

नरसी नामदेवला तुळशीमाळ घालून जाणाऱ्या हिंगोलीच्या वाचकांना सबजा परका नाही. कोकणात एकेकाळी तेलाचे घाणे चालवणाऱ्या मराठीभाषक ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्राएल समाजाच्या, मलिदा या विधीत मात्र एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मांडलेल्या गोड पोह्यांच्या नि फळांच्या ताटात तुळशीच्याच कुळातली ही डहाळी असते आणि ती हुंगण्यापूर्वी सुगंध निर्मिणाऱ्या ईश्वराची स्तुती होते. गंधाचे सुख देहाला नव्हे, आत्म्याला मिळते, असे तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ मानतो. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतिदिन, सरताना सुगंध घेतात तो याच श्रद्धेने. 1948 नंतर समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली, मलिदाही सोबत गेला. इकडे तो ठाऊक असणारे विरळ होत असताना हा अंक निघत आहे. त्यात कर्मकांडापेक्षा वनस्पतींकडे अधिक लक्ष दिले असून, वाचकांनी आपल्या अंगणातील पूजेच्या वनस्पतींविषयी अवश्य लिहावे, अशी संपादक मंडळाची विनंती आहे.