या गणपतीत जमिनीचे कागदही काढा

गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या माझ्या कोकणी बंधू-भगिनींनो,

गणपतीला गावी जायची तिकिटं तुम्ही केव्हाच काढली असतील. मखर, पूजेचं सामान, आरत्या-भजनं, सगळ्याची तयारी चालू असेल. त्या तयारीत आणखी एक काम घाला, अशी माझी कळकळीची विनंती आहे. घराण्याच्या जमिनीचा इतिहास या खेपेला लिहून काढा आणि तिचे कागद सरळ करायला लागा. वर्षातून एकदाच सगळे भाऊ-चुलते एका पडवीत बसतात. ती बैठक पत्त्यांत आणि गप्पांत संपवू नका.

हे सांगायला मी आपल्या गिरगावातल्या खोताच्या वाडीपासून सुरुवात करतो. आज तिथल्या लाकडी जिन्यांचे आणि व्हरांड्यांचे फोटो काढायला लांबून लोक येतात. ती सारी जमीन एके काळी एका घराण्याची होती. दादोबा वामन खोत हे पाठारे प्रभू गृहस्थ तिचे मालक. त्यांनी तिचे तुकडे पाडून ते ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले आणि नारळीच्या बागांच्या गिरगावात ही टुमदार वस्ती उभी राहिली. खोतांचं नाव पाटीवर राहिलं, जमीन दुसऱ्यांची झाली. पुढे त्या घरांचंही तेच होत गेलं. एकेका घराला वारस वाढले, मुलं परदेशी गेली, डागडुजी परवडेना, पुनर्विकासाचा भाव समोर आला. पासष्टेक घरांपैकी आज निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. जी टिकली, ती बहुतेक घरातल्या कुणीतरी हट्टाने राहून, कागद सांभाळून, शेजाऱ्यांना धरून टिकवली. आपल्या गावच्या जमिनीला हाच नियम लागू आहे.

ती जमीन आपल्याला कशी मिळाली, हे किती जणांना ठाऊक आहे? कोकणात पिढ्यान् पिढ्या खोती होती. कसणारा एक आणि गावचा खोत दुसरा. भातशेतीत अर्धेली, म्हणजे अर्धं पीक खोताला, वरकस जमिनीवर तिर्धेली, म्हणजे तिसरा हिस्सा, आणि वर वेठ. त्याविरुद्ध अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये संप केला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सुमारे सहा वर्षं जमीन पडीक ठेवली आणि उपासमार सोसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी कोकणातून येऊन याच मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ साली झाला. त्याआधी १९४८ मध्ये कुळकायदा आला होता आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनापासून कसणाऱ्या कुळाला मालक होण्याचा हक्क मिळाला. तुमच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव लागलं, त्यामागे एवढा झगडा आहे. चार गुंठे विकताना तो निदान आठवावा.

नाव लागल्यावर ती जमीन वाढवली कुणी? गिरणीत तीन पाळ्यांत राबलेल्या माणसाने. एका खोलीत वीस-वीस जण राहून त्याने मनीऑर्डरी पाठवल्या. त्या पैशांत विहीर खणली गेली, बांध घातले गेले, बैलजोडी आली. गावी त्याची बायको, भाऊ, आई-बाप खाचरात राबत होते. १९८२ चा गिरणी संप फिसकटला, तेव्हा हजारो कुटुंबांना याच जमिनीने दोन वेळचा भात घातला. १९९० पासून रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीला शंभर टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू लागलं. कातळावर आणि वरकस डोंगरउतारावर हापूसची आणि काजूची कलमं उभी राहिली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या काजूच्या जाती आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ज्ञान वाडी-वस्तीपर्यंत पोचलं. हापूसचं कलम चार-पाच वर्षांनी फळ धरू लागतं, भर उत्पन्नाला पंधराएक वर्षं लागतात आणि पुढे दोन पिढ्या ते देत राहतं. म्हणजे १९९० च्या सुमारास तुमच्या काकांनी लावलेली बाग आज ऐन भरात असायला हवी. ती तशी आहे, की रानात बुजली आहे?

बऱ्याच ठिकाणी बुजली आहे, हे तुम्हीही पाहता. गवत काढायला कुणी नाही म्हणून उन्हाळ्यात वणवा लागतो आणि एका दुपारी वीस वर्षांची कलमं जळतात. माकडं आणि रानडुकरं उरलेलं पीक संपवतात. आणि या सगळ्याच्या मुळाशी एकच अडचण सापडते. जमीन सगळ्यांची आहे, म्हणून ती कुणाचीच नाही.

आता काय करायचं, ते सरळ सांगतो.

पहिलं काम, सातबारा आणि आठ-अ काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो. त्यावर किती मेलेल्या माणसांची नावं आहेत, ती मोजा. पणजोबांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असं लिहिलेलं असेल, तर नीट थांबून वाचा. अशा नोंदीत थोरल्या भावाचं एकट्याचं नाव सर्व भावांच्या वतीने लागलेलं असतं. तिसऱ्या पिढीत हे विसरलं जातं आणि चुलतभावांची कोर्टात गाठ पडते.

दुसरं, वारस नोंद करा. खातेदार गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यायची असते. राहिली असेल तर आज द्या. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडा. वारसांत बहिणी आणि आत्या धरा. मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क आपल्या राज्यात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलाइतकाच आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचं स्पष्ट केलं आहे. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तिने समजून-उमजून, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. गणपतीच्या जेवणानंतर तिच्यापुढे कोरा कागद सरकवणाऱ्या भावांनी स्वतःच्या मुलीकडे एकदा बघावं.

तिसरं, वाटप कागदावर आणा. तोंडी वाटणी आजोबांच्या शब्दावर चालली, नातवांत चालत नाही. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटप होतं. त्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. वाटप नको असेल तर सामायिकच ठेवा. पण कोण कसणार, खर्च कसा वाटायचा, उत्पन्न कसं वाटायचं, हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. २०२० च्या जून महिन्यात निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. तेव्हा सामायिक सातबाऱ्यावरच्या बागायतदारांना भरपाईसाठी दूरदूरच्या खातेदारांची संमती गोळा करत फिरावं लागलं. झाड पडल्यावर सह्या शोधताना किती त्रास होतो, हे त्या लोकांना विचारा.

चौथं, पिकाची नोंद करा. ई-पीक पाहणी मोबाइलवर होते. बाग असून सातबाऱ्यावर पडीक दिसत असेल, तर विमा, भरपाई, कर्ज, सगळीकडे हात हलवत परत याल. कोकण हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा लाभ घ्यायला बागायतदाराला स्वतःची नोंदणी करावी लागते, आणि तिथेही जमिनीचे कागद लागतात.

पाचवं, सगळी जमीन विकू नका. महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. घराण्याची शेवटची जमीन गेली की उद्या तुमच्या मुलाला अर्धा एकर घ्यावासा वाटला, तरी शेतकरी असल्याचा पुरावा तो कुठून आणणार? अडचण असेल तर भाग विका, भाव चार ठिकाणी विचारून विका, आणि आधी भावकीला विचारा.

कागदांबरोबर इतिहासही लिहा. एक शंभर पानी वही पुरे. गावी जी सगळ्यांत वयस्कर माणसं आहेत, आजी, चुलते, माहेरी आलेली आत्या, त्यांच्याजवळ बसा. रान मोडून पहिलं खाचर कुणी केलं? खोत कोण होता? १९५७ नंतर नाव कुणाचं लागलं? विहिरीला पाणी किती हातांवर लागलं? कुठला आंबा कुणी, कुठून कलम आणून लावला? हद्दीचे दगड कुठे आहेत? सांगतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि वहीत उतरवा. जुन्या फेरफारांच्या नकला तहसील कार्यालयात मागा, खोती गावांत जुनी बोटखतं, म्हणजे खोतीच्या काळातल्या जमीनहक्कांच्या नोंदी, बघा. पहिल्या पानावर वंशावळ काढा आणि त्यात लेकींची नावं घाला. हीच वंशावळ पुढे वारस नोंदीला उपयोगी पडते. लिहिताना कळलं की शेजारच्या घराण्याने आपली जमीन कुळ म्हणून पिढ्यान् पिढ्या कसली आहे, तर त्यांचा हक्कही प्रामाणिकपणे मान्य करा. आपल्याला जमीन ज्या न्यायाने मिळाली, तोच न्याय त्यांनाही आहे.

आणि गावी राहिलेल्या भावाचा मान राखा. तुम्ही मे महिन्यात जाऊन आंब्याच्या पेट्या मागता. तो पावसाळ्यात बांध घालतो, उन्हाळ्यात वणव्यामागे धावतो. कसणाऱ्याला त्याच्या कष्टाचा वाटा आधी द्या, मग मालकीचा वाटा करा. दर महिन्याला घरटी पाचशे रुपये जमा केले, तरी गवतकापणी आणि कुंपणाचा खर्च निघतो. गावच्या मुंबईकर मंडळाच्या बैठकीत देवळाच्या सभामंडपाबरोबर हाही विषय घ्या.

जमिनीत काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा कर्जत तालुक्यात नेरळजवळची सगुणा बाग बघून यावी. चंद्रशेखर भडसावळे अमेरिकेत शिकून घरच्या जमिनीवर परत आले. त्यांनी भाताला मत्स्यशेतीची आणि कृषी पर्यटनाची जोड दिली. नांगरणी आणि चिखलणीशिवाय गादीवाफ्यावर भात घेण्याची एसआरटी पद्धत त्यांनी रुजवली आणि ती अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी उचलली. प्रत्येकाला एवढं जमणार नाही. पण दहा कलमांची छाटणी, एका विहिरीचा उपसा, एक सरळ सातबारा, एवढं प्रत्येक घराला जमेल.

तेव्हा या खेपेला पिशवीत एक कोरी वही, सातबाऱ्याच्या प्रती आणि सगळ्यांच्या आधार कार्डांचे झेरॉक्स घाला. आरती झाली की सगळ्यांना पडवीत बसवा आणि सुरुवात करा. विसर्जनाआधी वारसांची यादी तयार झाली पाहिजे आणि तलाठ्याकडे कोण जाणार, हे ठरलं पाहिजे. पुढच्या वर्षावर टाकू नका. ज्यांना हद्दी ठाऊक आहेत ती माणसं थकत चालली आहेत.