भिडेवाड्याचे स्मारक शाळेच्या मापाचे हवे



पुण्याच्या बुधवार पेठेतला भिडेवाडा डिसेंबर 2023 मध्ये पाडला गेला आणि सप्टेंबर 2024 मध्ये तेथे मुलींच्या शाळेच्या स्मारकाची पायाभरणी झाली. स्मारक हवेच, प्रश्न त्याच्या रूपाचा आहे. इंग्रज सरकारने 1821 मध्ये संस्कृत पाठशाळा काढली ती विश्रामबागवाड्यात, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या कोरीव सागवानी महालात. मुलींसाठी असे दालन कोणी उघडले नाही. 1848 मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांना तात्यासाहेब भिड्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली, तेव्हा शाळा उभी राहिली. पुढच्या शाळाही पेठांमधल्या अशाच जागांत भरल्या: 1851 मध्ये चिपळूणकर वाड्यात, मग रास्ता पेठेत, 1852 मध्ये वेताळ पेठेत. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने जोतिरावांचा सत्कार केला, तो मात्र विश्रामबागवाड्यात! सत्काराला महाल आणि शिकवायला मागून घेतलेली जागा, हा विरोधाभास हाच त्या इतिहासाचा गाभा आहे. स्मारकाच्या बांधणीतून तो दिसला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कार्याला साधी वास्तू शोभत नाही. पण भव्य घुमट आणि उंच पुतळे पाहून जाणाऱ्या मुलीला वाटेल की शाळा काढायला आधी वैभव लागते. घडले ते नेमके उलट. दुसरा आक्षेप असा की, वाडा मोडकळीस आला होता, त्याला शिल्पकलेचे मोलही नव्हते, मग त्याचे माप तरी कशाला जपायचे? पण कोरीव खांब नाहीत म्हणून वास्तू क्षुल्लक ठरवण्याच्या याच दृष्टीमुळे वाडा डोळ्यांदेखत ढासळू दिला गेला. गंज पेठेतले फुल्यांचे घर काही महाल नव्हे, तरीही ते राज्य संरक्षित स्मारक म्हणून उभे आहे. तेव्हा साधेपण जपता येत नाही, ही सबब टिकत नाही. वाडा परत येणार नाही हे खरे. त्याची खोटी प्रतिकृतीही नको.

म्हणून महापालिकेने तीन गोष्टी कराव्यात. नव्या वास्तूत त्या काळच्या घरगुती शाळेच्या मापाची एक खोली ठेवून तिथे मुलींचे वर्ग खरोखर भरवावेत. इतर शाळांच्या जागा अभ्यासकांकडून निश्चित करून तिथे फलक लावावेत. आणि वारसा यादी करताना नक्षीकामाइतकेच वजन त्या वास्तूत घडलेल्या कामाला द्यावे.

– एक वाचक, पुणे