मांडव दारात, कर्ज नको घरात



मृग जवळ आला की आम्ही शेती खात्याची माणसे तळेघरच्या पंचक्रोशीत भात बियाण्याची प्रात्यक्षिके घेत हिंडतो. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे. त्यात बी ओतायचे. वर तरंगेल ते पोचट काढून टाकायचे, तळाला बसेल ते भारी बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. गेल्या साली एका वाडीत हेच दाखवत होतो. मिठाचे पाणी तयार झाले, दहा-पंधरा माणसे भोवती बसली आणि मी घरधन्याला म्हटले, "आणा बाबा बी." बाबा जागचे हलले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "बी न्हाय ठिवलं साहेब. घरातला समदा भात लग्नात गेला. आता उधारीवर इकत आणायचं."

त्या घरी वैशाखात मुलीचे लग्न झाले होते. दीड एकर खाचर, भात घरी खाण्यापुरता. रोख पैसा दिसतो तो हिरड्याचा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्या भागातली हिरड्याची झाडे किती उन्मळली हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा घराने खालच्या बाजूला कार्यालय घेऊन लग्न लावले. मी कागद काढला आणि बाबांच्या तोंडून खर्च लिहून घेतला. कार्यालय आणि सजावट साठ हजार. हजार पानांचे जेवण एक लाख वीस हजार. बस्ता ऐंशी हजार. मणी-डोरले धरून दागिना नव्वद हजार. डीजे आणि फोटोवाला पंचेचाळीस हजार. मानपानाचे टॉवेल, टोप्या, फेटे पंचवीस हजार. एकूण चार लाख वीस हजार. त्यातले अडीच लाख कर्जाऊ, आणि त्यातले दीड लाख महिना शेकडा तीन रुपये व्याजाने. म्हणजे व्याजच महिन्याला साडेचार हजार, वर्षाचे चोपन्न हजार. यंदाचा सगळा हिरडा विकून त्यांचे व्याजही फिटले नाही, मुद्दल तर तसेच राहिले.

मिठाचे पाणी पुढ्यातच होते. मी म्हटले, "बाबा, हा खर्चही जरा या पाण्यात टाकून बघू. वर काय तरंगतं?" कार्यालय तरंगले. डीजे, फोटो तरंगले. टॉवेल-टोप्या तर सगळ्यांत आधी वर आल्या. निम्मी पाने ओळखीच्या ओळखीची होती, ती तरंगली. बस्त्यातले निम्मे कापड ज्यांना दिले त्यांनी अजून घडी मोडलेली नव्हती, तेही तरंगले. बेरीज केली तर दोन लाख तीस हजार! कर्ज अडीच लाखांचे. म्हणजे जे पोचट होते, जवळजवळ त्याच्यासाठीच कर्ज काढले होते. तळाला बसलेले भारी बी त्यांच्या ऐपतीतले होते.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की साहेब पगारावर बसून उपदेश करतो. "शेतकरी लग्नात उधळतो म्हणून कर्जात बुडतो" हे बोलणे फार जुने आहे आणि ते नेहमी खरे नव्हते. 1875 च्या मे महिन्यात आपल्याच पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खती जाळल्या आणि दंगे नगर जिल्ह्यापर्यंत पसरले. त्याची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला. त्या आयोगानेसुद्धा लिहून ठेवले की कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग शेतकऱ्याच्या घरी क्वचित येतात, आणि अनेक वर्षांचा हिशेब धरला तर तो खर्च त्याच्या मानाने फार नसतो.

मग मी आज वेगळे का म्हणतो? कारण लग्न बदलले. आपल्या आज्यांची लग्ने आठवा. धान्य घरचे, मांडव रानातल्या डहाळ्यांचा, पत्रावळी घरी लावलेल्या, राबणारी माणसे भावकीतली. रोख पैसा लागायचा तो कापडाला आणि मण्यांना. आज पाण्याच्या बाटलीपासून मांडवाच्या खिळ्यापर्यंत सगळे रोखीने येते. पेरणी घरच्या बियाण्यावर आणि लग्न मात्र शहरी भावाने, असा हा बेमेळ आहे.

लहान लग्न म्हणजे गरिबाचे लग्न, असेही आपण धरून बसलो आहोत. 25 डिसेंबर 1873 रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिले लग्न लागले, तेव्हा पानसुपारीपलीकडे फारसा खर्च नव्हता. पुढे 1884 साली आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, ओतूरला डुंबरे पाटलांनी याच पद्धतीने घरचे लग्न लावले. गावजोशांनी आमचा हक्क बुडाला म्हणून दावा लावला. तो वाद वरपर्यंत, मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1890 साली निकाल पाटलांच्या बाजूने लागला. कोणी भटजी बोलवावा की न बोलवावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी सांगतो ते एवढेच की आपले लग्न आपल्या पद्धतीने लावायचा अधिकार आपल्याच भागातल्या शेतकऱ्याने कोर्टात भांडून मिळवला. ओतूरचे पाटील काही भिकेला लागलेले नव्हते. साधे लग्न त्यांनी ताठ मानेने केले.

आणि फार लांब कशाला जा? 2020 च्या टाळेबंदीत पन्नास माणसांत लग्ने लागली. 2021 च्या एप्रिलमध्ये तर पंचवीस माणसे आणि दोन तास, असा नियम होता. त्या जोडप्यांचे संसार आज चांगले चालले आहेत, पोरे अंगणवाडीत जातात. डीजे वाजला नाही म्हणून कुणाचा संसार मोडल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

तर मग करायचे काय? आपल्याकडे पडकई आहे. डोंगरउतारावर खाचर पाडायचे, बांध घालायचे म्हणजे एकट्याचे काम नव्हे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. हीच रीत लग्नाला लावा. हाताने जे होते, त्याला रोख पैसा लागत नाही आणि शोभा मात्र दुप्पट येते.

मांडव अंगणातच घाला. कळकाचे खांब, वर जांभळाच्या आणि आंब्याच्या डहाळ्या, दाराला पानाफुलांचे तोरण. मेच्या उन्हात कापडी मांडवापेक्षा डहाळ्यांचा मांडव गार पडतो, हे मी स्वतः बसून अनुभवले आहे. मात्र डहाळ्याच घ्या, अख्खे झाड पाडू नका, आणि हिरड्याला तर कोयता लावूच नका. अंगण सारवून त्यावर बायामुलींनी रांगोळी काढली की वेगळ्या सजावटीची गरज उरत नाही. पळसाची पाने आधीच गोळा करून ठेवली, तर घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून पत्रावळी लावायला पोरेही शिकतात, आणि जेवणानंतर त्या उकिरड्यात जाऊन खत होतात. थर्माकोलची ताटे ओढ्यात जाऊन बसतात. जेवायला घरचा इंद्रायणी भात, आमटी, एक रस्साभाजी आणि गुळाची लापशी. चार पदार्थ, पण गरम आणि पोटभर. बुफेत ताटात टाकून दिलेले पंधरा पदार्थ बघितले की शेतकऱ्याचा जीव तुटतो.

रुखवत हा तर हाताच्या कामाचाच मान. हल्ली तेही तयार, भाड्याने मिळते! नवरीने, तिच्या आईने आणि मैत्रिणींनी केलेली गोधडी, पापड-कुरडया, विणलेले तोरण, बांबूची परडी मांडा. ते सासरी वापरात येते आणि बघणाऱ्याला घराची ओळख पटते. पत्रिकेचेही तसेच. पाचशे रंगीत पत्रिका छापून वाटण्यापेक्षा जवळच्यांना घरी जाऊन सुपारी द्यावी, लांबच्यांना फोन करावा. नावांच्या यादीवरून होणारे रुसवेफुगवेही वाचतात.

अक्षतांचा हिशेब मी शेतीच्या भाषेत सांगतो. मूठभर म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम तांदूळ. हजार माणसे म्हणजे तीस-चाळीस किलो. एका एकराच्या लावणीला, रोपे नीट केली तर, वीस किलोच्या आसपास बी पुरते. म्हणजे दीड-दोन एकरांच्या बियाण्याएवढा दाणा आपण पायदळी तुडवतो. नवरा-नवरीवर घरच्यांनी चार दाणे टाकावेत, बाकीच्यांनी फुलांच्या पाकळ्या उधळाव्यात. आणि मुहूर्ताला मंगलाष्टके सुरू करावीत. पुढारी येईपर्यंत लेकराबाळांना उन्हात बसवून ठेवण्यात कसला मान?

हे सगळे ऐकून बाबा शेवटी जे म्हणाले, तीच खरी मेख आहे. म्हणाले, "समदं पटतं साहेब. पण मी मुलीचा बाप. मी कसं म्हणू लगीन दारात करा? येही म्हणतील कंजूष हाय, पोर जड झाली."

बरोबर आहे त्यांचे. मुलीच्या बापाने साधेपणा मागितला की ती लाचारी ठरते. तोच शब्द मुलाच्या बापाने टाकला की तो मोठेपणा ठरतो. म्हणून माझे सांगणे एकच. साध्या लग्नाचा पहिला शब्द मुलाकडच्यांनी टाकावा, आणि तो सुपारी फुटतानाच टाकावा. कार्यालय ठरल्यावर बोलून उपयोग नाही. आपल्या डोंगरपट्ट्यात पूर्वी मुलीच्या बापाला देज द्यायची चाल होती. हुंडा हा खालून वर आलेला रोग आहे. 1961 पासून तो कायद्याने गुन्हा आहे, पण कार्यालय आणि मानपान या नावांखाली तो आजही मांडवात बसतो.

माझ्या बहिणीच्या लग्नाचे कर्ज आमच्या घराने सहा वर्षे फेडले. मी कृषी पदविका घेऊन नोकरीला लागलो, तर पहिले पगार त्यातच गेले. म्हणून माझी सुपारी फुटली त्या दिवशी मीच म्हणालो, "लग्न तुमच्या दारात, दोन्हीकडची मिळून दोनशे माणसं, टॉवेल-टोपी बंद." माझे वडील आधी घुश्शात होते. सासरे काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. नंतर कळले की त्यांनी एक बैलजोडी विकायला काढली होती, ती त्यांनी ठेवली. चूक आमचीही झाली. यादी आखडताना भावकीतल्या एका चुलतीचे नाव राहिले आणि ती दोन वर्षे आमच्या उंबऱ्याला आली नाही. तेव्हा माणसे कमी करा, पण रक्ताची माणसे विसरू नका. लग्न लहान असावे, मन लहान नको.

गावकारभाऱ्यांनाही दोन शब्द. आपला भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, 1996 च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला मोठा मान दिला आहे. तो मान अशा कामी वापरा. वर्गणीतून गावाची मोठी भांडी, सतरंज्या आणि दिव्यांची माळ घ्या, आणि ती गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखी मिळू द्या. स्वयंपाकाचे काम गावातल्याच बचत गटाला दिले, तर पैसा गावात राहतो. ठराव करा, पण दंड किंवा बहिष्कार लावू नका. सामाजिक बहिष्कार हा कायद्याने गुन्हा आहे, आणि जोरजबरदस्तीने आलेला साधेपणा टिकत नाही. ग्रामसेवकांनी, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, मांडवातच विवाह नोंदणीचा अर्ज भरून घ्यावा. त्याआधी मुलीची अठरा आणि मुलाची एकवीस वर्षे पुरी आहेत का, हे कागदावर बघावे. खर्च वाचतो म्हणून एका मांडवात धाकटीचेही उरकून टाकायचे, हा साधेपणा नव्हे. सामुदायिक विवाहात लग्न करणाऱ्या आदिवासी जोडप्यांसाठी शासनाची कन्यादान योजना आहे. तिच्या अटी घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात आधीच विचारून घ्या.

"ऋण काढून सण" करू नये, असे आपण पोरांना सांगतो आणि पोरांच्याच लग्नात ते विसरतो. हौस जरूर करा. लेकीचे लग्न आहे, सनई वाजू द्या, चार माणसे नाचू द्या. फक्त एक खूणगाठ बांधा. लग्नाच्या आधी बियाण्याची कणगी भरून बाजूला ठेवा, आणि काही झाले तरी तिला हात लावू नका. येत्या मृगाला मी पुन्हा मिठाचे पाणी करून तुमच्या अंगणात बसणार आहे. "आणा बाबा बी" म्हटल्यावर कुणी खाली मान घालू नये.